कर्ण्याच्या नजरेआड

एकोणीसशे शहात्तर सालच्या हिवाळ्यातली ती दुपार होती. पत्र्याच्या कुंपणाच्या आत गुडघ्यांवर बसून ती एका सांध्यावर चंदेरी पट्टी चिकटवत होती. बोटं गारठून लाकडासारखी झाली होती. पट्टीचं टोक दाबलं की सुटायचं, पुन्हा दाबलं की पुन्हा सुटायचं. शेवटी तिनं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि उघडा तळवा पट्टीवर दाबून धरला.

"ताई, हा सांधा आपण गेल्या आठवड्यातच बुजवलाय," शिडीवरून फिटर म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"मग परत बुजवायचा. तुम्हाला दुसरं काही सुचतंय?"

फिटरला दुसरं काही सुचत नव्हतं. खरं म्हणजे त्या टेकडीवर कुणालाच काही सुचत नव्हतं.

त्यांच्या डोक्यावर कर्णा होता. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, पण सगळे त्याला कर्णाच म्हणत. ॲल्युमिनियमचा, बैल आत जाईल एवढ्या तोंडाचा, आभाळाकडे आ वासून बसलेला. त्याच्याभोवती पत्र्याचं कुंपण होतं, पाकळ्यांसारखं बाहेर झुकलेलं. जमिनीची ऊब कर्ण्यात शिरू नये म्हणून ते घातलं होतं. शेजारी एक बुटकी खोली. तिच्यात यंत्रं, ती गार ठेवणाऱ्या द्रवरूप हेलियमचं पिंप, आणि कागदाच्या रोलवर हळूहळू सरकणारं पेन.

विश्व जन्मलं तेव्हाच्या जाळाची ऊब अजून सगळीकडे भरून उरलेली आहे. फार थोडी, निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम पावणेतीन अंश. ती आभाळाच्या एका कोपऱ्यातून येत नाही, सगळीकडून सारखीच येते. म्हणून तिच्याकडे बोट दाखवता येत नाही. मोजायची तर एकच वाट: कर्ण्यात जे जे येतं त्यातून हवेची ऊब काढायची, पत्र्याची काढायची, सांध्यांची काढायची, यंत्राची स्वतःची काढायची, आणि काढण्यासारखं काही उरलं नाही की जे राहील ते तिचं. आठ वर्षं ती ही वजाबाकी करत होती.

आणि आठ वर्षांनी, आकड्याला हात लावायचंच काय ते बाकी असताना, ही दुपारची ऊब निघाली होती.

फार नव्हती. अंशाचे दोन-तीन शतांश. पेन सकाळभर सरळ चालायचं आणि दुपारी कागदावर एक लहानसा उंचवटा काढायचं. काही वेळानं तो आपसूक ओसरायचा. ढगाळ दिवशी उंचवटा नाही, उन्हाच्या दिवशी हमखास. म्हणून सगळ्यांनी सूर्याला धरलं. कुठल्या तरी फटीतून ऊन आत येतंय, पत्रा तापतोय, असं म्हणून सांधे बुजवले, आडोसे बांधले, आडोसे हलवले. उंचवटा जागचा हलला नाही.

"दुपार काढून टाका," संचालक म्हणाले होते. गळ्यात मफलर, हातात चहाचा कप, खोलीच्या दारातच उभे. "सकाळचे आकडे चोख आहेत. तेवढे छापू."

"दुपार का चुकतेय ते कळल्याशिवाय सकाळ बरोबर आहे हे कशावरून म्हणायचं, सर?"

"बाई, हेलियम याच हंगामापुरतं आहे. पुढच्या वर्षी कर्णा दुसऱ्या कामाला देणार आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. उगाच हट्टाला पेटू नका."

ती हट्टाला पेटली नव्हती. ती घाबरली होती. एवढंच, की बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

*

"गाडी लागलीय, मालक!"

रीडिंग संपवून ती खोलीबाहेर आली की ही हाक यायची. तिचे वडील डब्याची पिशवी छातीशी धरून उभे असायचे, डोक्यावर जुनी ड्रायव्हरची टोपी. आई गेल्यावर ते तिच्याकडे राहायला आले होते, टेकडीच्या पायथ्याच्या क्वार्टरमध्ये. पहिले काही दिवस त्यांनी खिडकीपाशी बसून काढले. मग एक दिवस डबा भरला आणि वर चालत आले. त्यानंतर रोज.

जन्मभर त्यांनी एका कंपनीत साहेबांच्या गाड्या चालवल्या होत्या. "चालवल्या कुठल्या," आई म्हणायची, "थांबवल्या. साहेब आत, हे बाहेर. माझ्यासाठी कधी घटकाभर थांबले असतील तर शपथ!" आणि ते हसून म्हणायचे, "अगं, ड्रायव्हरचा खरा धंदा थांबण्याचाच. चालवतात काय, कुणीही."

पहिल्याच दिवशी तिनं त्यांना बजावलं होतं. "बाबा, रीडिंग चालू असताना खोलीत यायचं नाही. हाक मारायची नाही. दार वाजवायचं नाही."

"नाही येणार."

"मला उशीर होतो कधीकधी."

"होऊ दे की."

दोघं पायरीवर बसून जेवायची. एकदा त्यांनी विचारलं होतं, तू नक्की मोजतेस तरी काय. तिनं आपल्या परीनं सांगितलं: फार पूर्वी सगळंच पेटलेलं होतं, मग ते निवत गेलं, अजून थोडं कोमट आहे. किती कोमट ते कळलं की बाकीचं बरंच कळतं.

ते घास हातात धरून विचार करत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बॉनेट."

"काय?"

"गॅरेजमध्ये गाडी उभी असते. केव्हा आली, कुणी सांगत नाही. बॉनेटवर तळवा ठेवायचा. समजतं."

तिला हसू आलं होतं. विद्यार्थ्यांना समजावताना ती पुढं कितीतरी वर्षं हेच सांगत राहिली.

*

मग एक दिवस लख्ख ऊन पडलं, आभाळात औषधालाही ढग नव्हता, आणि उंचवटा आला नाही.

ती पेनाकडे बघत बसली. दुपार टळत आली तरी रेघ सरळच. फिटरनं आनंदानं मांडीवर थाप मारली. "शेवटचा सांधा लागू पडला बघा, ताई!"

"कालही तोच सांधा होता. काल आला होता."

"मग आज काय वेगळं आहे?"

आज काय वेगळं होतं? ऊन तेच, वारा तोच, पिंप तेच. तिनं घड्याळ पाहिलं आणि तिला भूक लागल्याचं जाणवलं. आज डबा आला नव्हता. चष्म्याची काच बदलायला बाबा सामानाच्या जीपबरोबर खाली शहरात गेले होते.

ती हळूच उठली. खोलीबाहेर आली आणि वळसा घालून कुंपणाच्या फटीतून आत गेली. पत्र्याला टेकून, उन्हाच्या बाजूला, एक रिकामं खोकं पालथं घातलेलं होतं; सांधे बुजवताना ते दिसलं तरी फिटरचं समजून तिनं कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यावर पोत्याची नीट चौपदरी घडी. समोरचं गवत दोन पावलांच्या आकारात दबलेलं. तिथं वारा अजिबात लागत नव्हता. अख्ख्या टेकडीवर तेवढी एकच जागा उबदार होती.

खोलीत यायचं नाही, असं तिनं सांगितलं होतं. कुंपणाच्या आत यायचं नाही, असं सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना ते अंगण वाटलं असणार. ऊन असलं की या अंगणात, ढग असले की पहारेकऱ्याच्या चौकीत.

ती खोक्यावर बसली. पाठ पत्र्याला टेकवली. हात मांडीवर ठेवले. पेनाला वेळ लागतो, म्हणून बसूनच राहिली.

बऱ्याच वेळानं खोलीतून फिटर ओरडला, "ताई! आलं! चढलं, ताई! कुठं हात लावलात?"

"कुठंच नाही," ती म्हणाली. "नुसती बसलेय."

फिटर बाहेर आला. तिच्याकडे, मग खोक्याकडे, मग पोत्याच्या घडीकडे बघत राहिला. माणसाच्या अंगाला किती ऊब असते, आणि कर्ण्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून किती दिसतं, हे त्यालाही माहीत होतं.

"ही तर काकांची..."

"त्यांना सांगायचं नाही."

"अहो, पण ते थोडेच रागावणार आहेत?"

"सांगायचं नाही म्हटलं ना."

ज्या माणसाला आता जगात दुसरं काही काम उरलं नव्हतं, त्याला कसं सांगायचं, की बाबा, इतके दिवस आम्ही जी चूक शोधत होतो ती तुम्ही आहात?

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बाबा, उद्यापासून वर येऊ नका. थोडे दिवस."

"का गं?"

"पाहुणे येणार आहेत. बाहेरून. रीडिंग बघायला."

"साहेब लोक?"

"हं."

त्यांनी नव्या काचेचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. "बरोबर आहे. साहेब लोकांसमोर डबेवाला म्हातारा कशाला मध्ये."

तसं नाही, असं तिनं म्हणायला हवं होतं. ते दोन शब्द ओठांपर्यंत आलेही. पण ते उच्चारले की पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. तिनं पाण्याचा पेला उचलला.

"मग डबा फिटरबरोबर देत जाईन," ते म्हणाले. "उपाशी राहू नकोस म्हणजे झालं."

*

पेन सरळ चालू लागलं. सकाळी सरळ, दुपारी सरळ. संचालकांनी कागदाचा रोल वावभर उलगडून खिडकीच्या उजेडात धरला आणि पहिल्यांदाच तिच्या खांद्यावर थाप मारली. "काय केलंत तरी काय?"

"एक उष्णतेचा स्रोत होता, सर. हलवला."

खोकं फिटरनं उचलून नेलं. दुपार झाली की तिचे डोळे आपोआप पेनाकडे जायचे. रेघ सपाट. म्हणजे नाही आले. म्हणजे मनाला लावून घेतलं असणार. खाली खिडकीपाशी बसले असणार, आई गेल्यावर बसायचे तसे. हा हंगाम संपला की सांगू, ती स्वतःशी म्हणायची. नीट बसवून, हसत हसत सांगू. मग फिटर डबा आणून द्यायचा, ती झाकण काढायची, वाफ चष्म्यावर यायची, आणि एका हातानं घास घेत दुसऱ्या हातानं ती आकडे मांडायची.

घरी बाबा कमी बोलत होते, पण नाराज दिसत नव्हते. उलट कधीकधी तिच्याकडे बघून गालातल्या गालात हसायचे. तिला ते हसू केविलवाणं वाटायचं. थंडी वाढली तसा त्यांना खोकला लागला.

"कुठं गारठलात?"

"म्हातारपण आहे. वारा बाधतो."

खोकला छातीत उतरला. दादाला, तिच्या थोरल्या भावाला कळवलं, तो दुसऱ्याच दिवशी आला आणि बाबांना आपल्या शहरात मोठ्या इस्पितळात न्यायचं ठरलं. जीप दारात उभी राहिली. दोन शालींत गुंडाळलेले बाबा मागच्या सीटवर बसायला तयार होईनात.

"जन्मात मागं बसलो नाही. आता बसू?"

"बाबा, इथं तरी ऐका ना," दादा वैतागला.

"पुढं बसतो. याचे गिअर कसे पडतात ते बघायचंय मला."

चढण्यापूर्वी त्यांनी सवयीनं बॉनेटवर तळवा ठेवला आणि समाधानानं मान हलवली. मग तिच्याकडे वळले.

"मोजणी झाली का गं?"

"होत आलीय, बाबा. थोडंच राहिलंय."

"अस्सं." ते तिच्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलायचं असल्यासारखे, आणि ते बोलण्याची मजा आधीच चाखत असल्यासारखे. मग त्यांनी टोपी सारखी केली. "होऊ दे. मग बोलू."

जीप निघाली तेव्हा ते ड्रायव्हरला काही सांगत होते. काचेतून तिला एवढंच ऐकू आलं, "वळणावर जपून घे रे बाबा."

झाडांना पालवी फुटायच्या आधीच ते गेले. ती पोचली तेव्हा दादाच्या घरी माणसं जमली होती. त्याच महिन्यात तिचा आकडा छापून आला.

*

कर्णा आणखी एक वर्ष त्यांच्याकडेच राहिला. आकडा चांगला आला होता, म्हणून संचालकांना हेलियमही मिळालं. दुसऱ्या हिवाळ्यात ती पुन्हा त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसली. डब्याची सोय पायथ्याच्या खाणावळीत केली होती. तो आणायचा फिटरच.

पहिल्याच दिवशी तिनं झाकण काढलं आणि बोटानं भात चाचपला.

"गार आहे हो."

"अर्धा तास चढ आहे, ताई. गारच होणार."

"गेल्या वर्षी गरम असायचा." ती सहज बोलली. "पार वाफ यायची. गेल्या वर्षी काय पळत यायचात की काय?"

फिटर हसला नाही. त्याच्या हातात पाना होता. त्यानं तो खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"गेल्या वर्षी मी खालून आणत नव्हतो, ताई."

तिनं डबा बाजूला सारला.

"मी तुमचा शब्द मोडला. तुम्ही सांगू नका म्हणालात, पण दुसऱ्याच दिवशी काका पायथ्याशी डबा द्यायला आले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, 'पोरा, खरं सांग, माझं काही चुकलं का?' त्यांचा चेहरा बघवेना मला. सांगून टाकलं सगळं."

"मग?"

"मग काय. हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. म्हणाले, 'इतकी वर्षं बाहेर थांबलो, एका साहेबाला कधी कळलं नाही. आणि तुमच्या कर्ण्याला कळलं!' दिवसभर तेच. पहारेकऱ्यालाही सांगून झालं." फिटरनं नाक ओढलं. "मग म्हणाले, 'किती लांब बसलो तर चालेल?' मी म्हटलं, जिथून कर्णा दिसत नाही, तिथं कर्ण्यालाही तुम्ही दिसणार नाही. तेव्हा आम्ही जागा शोधली. खालच्या वळणावर, तो कातळ आहे ना, त्याच्या आड. डबा कोटाच्या आत, पोटाशी धरून बसायचे. तुमचं रीडिंग संपलं की मी पळत जायचो आणि घेऊन यायचो."

"रोज?"

"रोज."

"त्या वळणावर..." ती म्हणाली आणि थांबली. त्या वळणावर दरीतून सरळ वारा येतो, हे दोघांनाही माहीत होतं. फिटरनं मान खाली घातली.

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, 'मोजणी चालू असेपर्यंत नको, तिचं चित्त हलेल. मोजणी झाली की मीच सांगतो. बघू कसा चेहरा करते ते.'"

पेन सरळ चाललं होतं. ती त्या रेघेकडे बघत राहिली. अशीच रेघ तिनं गेल्या वर्षी दुपारमागून दुपार पाहिली होती, आणि तिच्याकडे बघून 'नाही आले' असं ठरवलं होतं. मोजणी झाली का, असं त्यांनी जीपपाशी विचारलं होतं. आणि ती, आकड्यांच्या बाबतीत कधी जास्तीचा शब्द न बोलणारी, म्हणाली होती, होत आलीय.

तिनं डबा पुढं ओढला आणि सगळा संपवला.

*

संचालक पुढं फार मोठे झाले, मानाच्या जागांवर बसले, आणि शेवटच्या आजारपणातही भेटायला येणाऱ्याला त्या सपाट रेघेची गोष्ट सांगत. दादानं बाबांची टोपी बरीच वर्षं खुंटीला ठेवली होती. घर बदलताना ती कुठं गेली, ते त्याला आठवत नाही. फिटरनं खाली शहरात मोटारदुरुस्तीचं दुकान काढलं. ते आता त्याची मुलगी चालवते, आणि तो दारात खुर्ची टाकून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो. तिचा आकडा काही वर्षं पुस्तकांत होता. मग अवकाशातून मोजणी झाली, कितीतरी बारीक. तिचा आकडा चुकीचा ठरला नाही, फक्त कुणाला लागेनासा झाला. तिनं लग्न केलं नाही, पुष्कळ विद्यार्थी घडवले, आणि ते अजून तिला फोन करतात.

कर्णा उतरवून नेला, त्या वर्षी तिला बोलावणं आलं होतं. ती भाड्याची गाडी करून गेली. वर जायचं होतं, पण वळण आलं तशी तिनं गाडी थांबवली.

"इथं काय आहे बाई?" ड्रायव्हरनं विचारलं. "बघण्यासारखं तर वर आहे."

"थोडा वेळ लागेल."

"घ्या की वेळ. आम्हाला काय."

ती कातळाआड जाऊन बसली. बसायला सोयीची खोबण होती, वारा मात्र सुरीसारखा होता. तिनं मान वळवली. कर्णा जिथं होता ती जागा इथून खरंच दिसत नव्हती. कातळ आणि झुडपं यांच्यामधून एवढंच दिसत होतं: त्या बुटक्या खोलीचं दार, आणि दारासमोरची पायरी.

ती दाराकडे बघत राहिली. कुणी बाहेर आलं नाही.

उठली तेव्हा पाय बधिर झाले होते. गाडीत ड्रायव्हर तोंडावर रुमाल टाकून झोपला होता. तिनं बॉनेटवर तळवा ठेवला. पार निवलं होतं.

तिनं काच वाजवली नाही. गाडीला टेकून, हात शालीत घेऊन, तो जागा होईपर्यंत ती बाहेरच थांबली.